‘येतोस’, ‘येतेस’ आणि ‘येशील’

प्रश्न असा आला आहे: क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) संगीतकार आपली ओळख आणि मनातली घालमेल संगीतातून नेमकी कशी मांडतात? ते सगळं शब्दांतच असतं की सुरांतही? आणि शेवटी, जरा आवाज खाली घेऊन: स्वतः गाणी लिहायला घेतली आहेत, तर उघड लिहावं की आडून?

आवाजाची तालीम आणि गाण्यांची अरेंजमेंट हे माझं बावीस वर्षांचं काम. शिकायला आणि रेकॉर्डिंगला येणाऱ्यांत समलिंगी, ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा ज्यांची ओळख वेगळी), नॉन-बायनरी (स्वतःला पुरुष किंवा बाई या चौकटीत न बसवणारी) मंडळी नेहमीच असतात. काही जण पहिल्याच दिवशी सांगून टाकतात, काही कधीच सांगत नाहीत, आणि काहींचं त्यांना स्वतःलाच अजून उमगायचं असतं. एवढ्या वर्षांत माझं मत असं झालंय की शब्दांवर फार विसंबू नये. गाण्यात सगळ्यात कडक पहारा असतो तो शब्दांवर. घरचे ऐकणार, कंपनीवाले ऐकणार, रेडिओवाले ऐकणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. सुरावर, श्वासावर, ठेक्यावर तसा पहारा कुणाला बसवता येत नाही.

1955 सालचं, लिटल रिचर्ड या अमेरिकन रॉक-अँड-रोल गायकाचं ‘टूटी फ्रूटी’ घ्या. क्लबांत तो हे गाणं गायचा तेव्हा त्याचे शब्द चांगलेच चावट होते, तेही पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांबद्दल. रेकॉर्ड काढायची वेळ आली तेव्हा डोरोथी लाबोस्ट्री या गीतकार बाईंकडून शब्द धुऊन घेतले. उरलेल्या ओळींत आक्षेप घ्यावा असं काही राहिलं नाही. पण ती सुरुवातीची आरोळी, पियानोची आदळआपट, मध्येच वर उसळणारा तो आवाज, हे कुणी धुतलं नाही. धुणार तरी कसं, त्यात नक्की काय आहे ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. गाणं घराघरांत पोचलं ते या न पकडलेल्या मालासकट.

काळ पुढे जातो तसा मोकळेपणा वाढत जातो, असंही समजू नका. त्याच्या 27 वर्षं आधी, 1928 मध्ये, मा रेनी या ब्लूज गायिकेनं ‘प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज’ रेकॉर्ड केलं होतं. त्यात ती पुरुषी पेहराव करून बायकांच्या संगतीत फिरण्याबद्दल गाते, आणि वर ऐकणाऱ्यालाच बजावते की हिंमत असेल तर सिद्ध करून दाखवा. रेकॉर्ड कंपनीच्या जाहिरातीत तर पुरुषी कोट-हॅटमधली बाई दोघींशी बोलतेय आणि पलीकडून पोलिस पाहतोय, असं चित्रच होतं. सांगायचंही आणि पुरावा मागे ठेवायचा नाही, ही तऱ्हा पुढे कितीतरी गाण्यांत सापडते.

पुरावा म्हटला की व्याकरण आलं. इंग्रजीत लिहिणाऱ्याची एक मोठी सोय आहे: ‘आय’ आणि ‘यू’ यांना लिंग नाही. ‘ही’ आणि ‘शी’ टाळलं की प्रेमगीत कुणाचंही, कुणासाठीही होतं, आणि अनेक गीतकारांनी या आडोशाला वर्षानुवर्षं काढली. म्हणून तर 2012 मध्ये फ्रँक ओशन या अमेरिकन गायकाच्या ‘चॅनल ऑरेंज’ अल्बममधली गाणी आधी ऐकलेल्या पत्रकारांच्या कानाला प्रेमाच्या ओळीतलं पुल्लिंगी सर्वनाम लगेच लागलं आणि कुजबूज सुरू झाली. 4 जुलैला त्यानं स्वतःच पत्र प्रसिद्ध केलं. एकोणिसाव्या वर्षी झालेलं आपलं पहिलं प्रेम एका मुलावर होतं, असं त्यात होतं. एवढा गाजावाजा कशावरून, तर एका सर्वनामावरून.

मराठीत सर्वनामापर्यंतही जावं लागत नाही, क्रियापदच चुगली करतं. ‘मी वाट पाहतो’ म्हटलं की गाणारा कोण ते कळलं, ‘तू येतेस’ म्हटलं की कुणासाठी ते कळलं. ‘तू मला आवडतोस’ हे जगातलं सगळ्यात साधं वाक्य, आणि लपायचं असेल त्याला नेमकं तेच बंद. पण बारकाईनं पाहिलं तर आपल्या भाषेतही फटी आहेत. ‘मी येईन’, ‘तू येशील’, भविष्यकाळाला लिंग नाही. ‘ये’, ‘थांब’, ‘जाऊ नकोस’, आज्ञार्थालाही नाही. ‘मला आठवतं’, ‘मला भीती वाटते’ यांत बोलणाऱ्याचा पत्ता लागत नाही. आणि ‘मी तुला पाहिलं’ यात तर कोणी पाहिलं आणि कुणाला पाहिलं, दोन्ही झाकलेलं. म्हणजे लपून प्रेम करणाऱ्याला होऊन गेलेलं सांगता येतं, पुढे होईल ते सांगता येतं, हवं-नको सांगता येतं. आत्ता चाललेलं सांगायला जावं तर सापडलेच. अशा गाण्यांत नुसती आठवण आणि वाट पाहणंच का असतं, असं मला पुष्कळदा विचारतात. हळवेपणा असेलही थोडा, पण बराचसा दोष वर्तमानकाळाचा आहे.

एक प्रसंग अगदी जवळून पाहिलेला. एक तरुण गायक स्वतःचं गाणं घेऊन आला. मुखड्याच्या शेवटी ‘तू येतेस’, आणि त्यातल्या ‘ते’वर चार मात्रांचा लांब सूर, तोही त्याच्या पट्टीत जरा वरचा. बाकी गाणं तो छान गायचा, पण तिथे दर वेळी गळा आवळायचा आणि सूर केसभर खाली यायचा. ‘ए’ म्हणताना जीभ पुढे येते, ओठ बाजूंना ताणले जातात. ‘ओ’ म्हणताना तोंडात पोकळी होते, ओठ गोल होतात. त्याची चाल त्या जागी फुगत जाऊन अलगद मिटत होती. ती ‘ओ’साठी बांधलेली चाल होती आणि तिच्यात कुणीतरी ‘ए’ कोंबला होता. मी विचारलं, “इथे आधी दुसरा शब्द होता का?”

माझ्या लेखी प्रश्न स्वराचा होता. त्याला तो भलताच ऐकू गेला, कारण खोलीत गिटारवालाही बसला होता. त्याचा चेहरा उतरला, “नाही” म्हणाला आणि वही मिटली. चूक माझी. असा प्रश्न चारचौघांत विचारायचा नसतो, मग तो कितीही स्वराचा असो. दोन आठवडे तो फिरकला नाही. आला तेव्हा ‘येतेस’ जाऊन ‘येशील’ झालं होतं आणि तो लांब सूरही गेला होता. शब्द पटकन म्हणून टाकायचा आणि मग साडेतीन मात्रा काहीच नाही, फक्त गिटारची एक तार वाजत राहते. मूळ शब्द कोणता, हे आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पण ते गाणं ऐकताना लोक त्या रिकाम्या जागेपाशी मान वर करतात, हे मी तीन-चार मैफलींत पाहिलंय.

जाता जाता: उदाहरणं सोडली तर हे उत्तर इथवर याच फटींतून लिहिलंय. मागे जाऊन पाहा, मी पुरुष की बाई हे सांगणारं एकही क्रियापद सापडणार नाही. तेवढ्यासाठी काही वाक्यं मोडून परत बांधावी लागली. फोनवर, ऑफिसात, घरी गप्पा मारताना हीच कसरत दिवसभर करायची म्हणजे काय दमणूक होत असेल, याची थोडी कल्पना त्यावरून येते. पुढेही असंच लिहीन, आता हात बसलाय.

आता आवाजाकडे येऊ. 1984 मध्ये ब्रॉन्स्की बीट या ब्रिटिश बँडचं ‘स्मॉलटाउन बॉय’ आलं. लहान गावातलं घर सोडून निघालेल्या मुलाचं गाणं. शब्द साधेच आहेत. पण बँडचा गायक जिमी सॉमरव्हिल ते फॉल्सेटोत गातो, म्हणजे पुरुषाच्या नेहमीच्या आवाजाच्या वरती जो पातळ, काठावरून चालणारा आवाज असतो, त्यात. खाली सिंथेसायझर यंत्रासारखा एका चालीनं पुढे जातोय आणि वर हा आवाज आता तुटेल, मग तुटेल असा. ज्या आवाजावरून पोरांना शाळेत चिडवतात तोच त्यानं सगळ्यात पुढे आणून ठेवला. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या अल्बमचं नाव ‘दि एज ऑफ कन्सेंट’, म्हणजे संमतिवय. आतल्या पाकिटावर वेगवेगळ्या देशांत समलिंगी पुरुषांसाठी हे वय किती, याची यादीच छापली होती. ब्रिटनमध्ये तेव्हा ते 21 होतं. स्त्री-पुरुष संबंधांसाठी 16. त्या आवाजातलं दुःख निव्वळ स्वभावातलं नाही, त्याला कायद्याचं कलम आहे, हे कळल्यावर गाणं जरा वेगळं ऐकू येतं. निदान मला येतं.

ट्रान्स गायकांच्या बाबतीत तर वाद्यच बदलतं. ट्रान्स पुरुषांनी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुरू केलं की स्वरतंतू जाड होतात, आवाज खाली उतरतो आणि परत वर जात नाही. बराचसा बदल पहिल्या वर्षात होतो. त्या काळात गाणं म्हणजे अंधारात जिना उतरणं, पायरी असेल असं वाटतं तिथे ती नसते. उलट बाजूला, इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोननं आवाज चढत नाही. ट्रान्स स्त्रियांना तो रियाजानंच घडवावा लागतो, आणि नुसती पट्टी वर नेऊन भागत नाही. आवाज कुठे घुमतो, वाक्याचा चढउतार कसा आहे, यावरूनही ऐकणारा बाई की पुरुष ते ठरवत असतो.

एक ट्रान्स पुरुष हार्मोन सुरू करण्याआधी माझ्याकडे दोन गाणी रेकॉर्ड करून गेला होता. दीड वर्षानं परत आला तो चांगला भरदार खर्ज घेऊन. माझ्या डोक्यात लगेच कल्पना शिरली: जुना आवाज आणि नवा आवाज, एकाच माणसाचं युगुलगीत! मी दोन्ही ट्रॅक शेजारी लावून, पट्टी जुळवून तयार ठेवले. त्यानं अर्धा मिनिट ऐकलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “हे गाणं तुमचं आहे. माझं नाही. ते जुनं पुसता येईल का?” आम्ही ते पुसलं, बॅकअपसकट. मला वाईट वाटलं, अजून वाटतं, फार सुरेख आवाज होता तो. दुसरा एक जण मात्र आपला जुना आवाज जपून ठेवतो आणि कार्यक्रमात मुद्दाम वाजवतो. यात नियम काढायला जाऊ नये, आणि अरेंजमेंट करणाऱ्यानं तर मुळीच नाही. दुसऱ्याच्या ओळखीतून आपल्याला छान कल्पना सुचते तेव्हाच सावध व्हायला हवं.

शब्दांवर विसंबू नये असं वर लिहिलं, त्याची दुसरी बाजूही आहे. कधी कधी शब्द अगदी उघड असतात आणि तरी ऐकू जात नाहीत. ‘अगेन्स्ट मी!’ या पंक बँडच्या 2007 मधल्या ‘दि ओशन’ या गाण्यात गाणारी व्यक्ती सरळ सांगते की निवडता आलं असतं तर बाईचा जन्म घेतला असता, आणि आई आपलं नाव लॉरा ठेवणार होती. लोकांनी ते कल्पनाविलास म्हणून सोडून दिलं. 2012 मध्ये त्याच गायिकेनं आपण ट्रान्स असल्याचं जाहीर केलं आणि लॉरा जेन ग्रेस हे नाव घेतलं. नावासकट सगळं पाच वर्षं रेकॉर्डवर होतं.

शब्दच नसतात तिथे काय, असाही तुमच्या प्रश्नाचा एक अर्थ होतो. शिकवताना याला माझं ठरलेलं उदाहरण चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराच्या सहाव्या सिंफनीचं (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना). 28 ऑक्टोबर 1893 ला सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यानं स्वतः ती सादर केली आणि नऊ दिवसांनी तो गेला. तिच्या शेवटच्या भागाची पहिली धून खाली खाली उतरत जाणारी, हुंदक्यासारखी आहे. पण स्वरलिपी उघडून पाहाल तर ती धून कुणाच्याच कागदावर नाही. एक स्वर पहिल्या व्हायोलिनवाल्यांकडे, पुढचा दुसऱ्या गटाकडे, असं आलटून पालटून लिहिलंय. प्रत्येक गट एकट्यानं वाजवला तर वेडीवाकडी उडी मारणारी ओळ ऐकू येते. दोन्ही एकत्र वाजले की हवेत, श्रोत्याच्या कानात, ती धून तयार होते. जी गोष्ट कुणीच पूर्ण म्हणत नाही ती सगळ्यांना ऐकू येते. चायकोव्हस्की समलिंगी होता हे त्यानं भावाला लिहिलेल्या पत्रांवरून स्पष्ट आहे. म्हणून या धुनेचा अर्थ तोच, असं म्हणायला मात्र माझी तयारी नाही. या सिंफनीमागे एक कथासूत्र आहे आणि ते गुपितच राहील, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. ते गुपित आपण चरित्र वाचून फोडलं असं समजणं उद्धटपणाचं आहे. रचनेचं तंत्र तेवढं शिकावं.

जॉन कोरिलियानो या अमेरिकन संगीतकाराच्या बाबतीत असा अंदाज बांधावा लागत नाही, त्यानं स्वतःच सांगितलंय. एड्सनं गेलेल्या मित्रांसाठी त्यानं पहिली सिंफनी लिहिली आणि 1990 मध्ये ती शिकागोत पहिल्यांदा वाजली. पहिल्या भागात ऑर्केस्ट्रा संतापून आदळत असतो. तो जरा ओसरला की पडद्यामागून, मंचावर दिसत नाही अशा जागेवरून, पियानोवर अल्बेनिस या स्पॅनिश संगीतकाराचा टँगो ऐकू येतो. एका पियानोवादक मित्राचा तो आवडता तुकडा. खोलीच्या पलीकडे कुणी वाजवतंय आणि मध्ये बंद दार आहे, असं वाटतं. पियानो मंचावर ठेवला असता तर नुसती श्रद्धांजली झाली असती. तो नजरेआड ठेवला, हा सगळा निर्णय अरेंजमेंटचा.

सोफी या ब्रिटिश ट्रान्स संगीत-निर्मातीचं आणखी वेगळं. धातू वाकल्याचा, रबर ताणल्याचा, फुगा घासल्याचा, असे आवाज ती तयार नमुने न घेता सिंथेसायझरवर मुळापासून घडवायची. अनेक वर्षं तिनं चेहरा दाखवला नाही, गाणीही दुसऱ्यांच्या किंवा यंत्रानं बदललेल्या आवाजांत. 2017 मध्ये ‘इट्स ओके टु क्राय’ आलं आणि त्यात पहिल्यांदा तिचा स्वतःचा गळा आणि चेहरा. त्या आधीचं सगळं काम मला आता तालमीसारखं ऐकू येतं: कुठलाही आवाज जन्मतः मिळालेला नसतो, घडवता येतो, हे आधी यंत्रावर सिद्ध करून पाहिलेलं. 2021 मध्ये ती अपघातात गेली, अवघ्या चौतिशीत.

आतापर्यंत सगळं जरा रडकं झालं, आणि ते बरोबर नाही. ‘घालमेल’ म्हटलं की सगळे हळू चालीची गाणी शोधतात. सिल्व्हेस्टर हा अमेरिकन गायक चर्चमध्ये गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, गात वाढला आणि 1978 मध्ये ‘यू मेक मी फील (मायटी रिअल)’ घेऊन डिस्कोत आला, पुरुषाचा देह, अंगभर चमचम आणि तोच चर्चमधला वर झेपावणारा आवाज. देवासमोर म्हणायची ती उत्कटता त्यानं नाचाच्या फरशीवर आणली, आणि नाचणाऱ्यांत ज्यांना प्रार्थनेच्या जागी थारा नव्हता असे कितीतरी होते. 1988 मध्ये एड्सनं गेला तो आपल्या गाण्यांचं मानधन एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांना लिहून ठेवून. ते गाणं दुःखावर मात वगैरे करत नाही. ते नुसतं आनंदाचं आहे. आनंदाचं गाणं हीसुद्धा ओळखच, आणि माझ्या अनुभवात लिहायला तेच जास्त अवघड.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, असं लिहिणार होतो किंवा होते. आडून लिहिणं म्हणजे भित्रेपणा, हे मला मान्य नाही. वरची निम्मी उदाहरणं आडूनच आहेत. आणि उघडपणाची किंमत सगळीकडे सारखी नसते. लेबनॉनच्या ‘मशरू लैला’ या बँडचा गायक उघडपणे समलिंगी. 2017 मध्ये त्यांच्या कैरोतल्या कार्यक्रमात श्रोत्यांनी क्वीअर लोकांचं निशाण असलेला इंद्रधनुषी झेंडा फडकवला, आणि पुढच्या दिवसांत अनेक जणांची धरपकड झाली. झेंडा गायकानं नव्हे, ऐकणाऱ्यांनी धरला होता. म्हणून लिहिणं आणि प्रसिद्ध करणं ही दोन वेगळी कामं समजा. लिहिताना काही राखू नका, प्रसिद्ध करताना छत कुणाचं आणि पैसे कुणाचे हे आधी बघा. गाणं दुसऱ्या कुणावर असेल तर त्या व्यक्तीचं गुपित उघड करायचा हक्क तुम्हाला नाही, चाल कितीही चांगली जमलेली असो.

अडलेल्या ओळीची तीन रूपं लिहा: ‘तोस’, ‘तेस’ आणि ‘शील’. तिन्ही फोनवर रेकॉर्ड करा, दोन दिवस हात लावू नका आणि मग शब्दांकडे लक्ष न देता फक्त श्वास ऐका. एका रूपात श्वास ओळीच्या आधी नीट भरलेला असेल, दुसऱ्यात अर्धवट. मला शिकवताना याहून भरवशाची खूण सापडलेली नाही. कोणतं रूप बाहेर काढायचं ते मग ठरवा. पहिला टेक जपायचा की पुसायचा, तेही तुम्हीच.

आणि कार्यक्रमात गायची वेळ आली तर सगळ्यात दुखरं गाणं शेवटी ठेवू नका. सगळे ठेवतात, टाळ्या जास्त मिळतात म्हणून. तिसरं किंवा चौथं घ्या, पट्टी अर्ध्या सुरानं खाली ठेवा म्हणजे गळा भरून आला तरी सूर सुटणार नाही, आणि लगेच पुढे एखादं ठेक्याचं गाणं घ्या, हवं तर दुसऱ्या कुणाचं.